कोरियन ड्रामा संपला, आता पुढचा कोणता? शोधताना या चुका टाळा

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’सारखं अजून काही आहे का? हा प्रश्न कुणालाही विचारा, ठरलेली आठ-दहा नावं समोर येतात. आपण त्यातलं पहिलं लावतो, तिसऱ्या भागात कंटाळतो, दुसरं लावतो, तेही अर्धवट राहतं. मग वाटायला लागतं की तसं पुन्हा काही बनलंच नाही. बनलेलं असतं, आणि भरपूर असतं. कोरिया, जपान, चीन, तैवान एवढे चार देश धरले तरी आयुष्यभर पुरेल इतकं आहे. फक्त ‘तसंच’ म्हणजे नेमकं कसं, हे ठरवताना आपण चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवतो.

नटाच्या मागे जाणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ‘क्रॅश लँडिंग’चा नायक ह्युन बिन आवडला म्हणून लोक लगेच ‘मेमरीज ऑफ द अल्हम्ब्रा’ (२०१८) लावतात. तिथे ग्रानाडा शहर आहे, डोळ्यांतल्या लेन्समधून दिसणारा खेळ आहे, खेळातले मृत्यू खऱ्या आयुष्यात शिरतात. प्रेमकथा आहे, पण ती बाजूला. ज्याला कॅप्टन री आणि से-रीची ओढ हवी होती, त्याला हा कोरडाच वाटणार. मालिका वाईट नाही. तिची लेखिका साँग जे-जंग वेगळ्याच जातीच्या गोष्टी लिहिते. तिचीच ‘डब्ल्यू’ (२०१६) पाहिली तर लक्षात येतं की वास्तव आणि कल्पना यांच्यातली भिंत पाडणं हा तिचा आवडता विषय आहे.

‘क्रॅश लँडिंग’ लिहिली पार्क जी-उन यांनी. आता त्यांच्या बाकीच्या मालिका शेजारी ठेवून बघा. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’मध्ये (२०१३) नायिका मोठी सिनेतारका, नायक चारशे वर्षांपूर्वी पृथ्वीवर आलेला परग्रहवासी. ‘क्वीन ऑफ टीअर्स’मध्ये (२०२४) नायिका डिपार्टमेंट स्टोअरच्या साम्राज्याची वारस, नायक तिचाच नवरा, आणि लग्न मोडायला आलेलं. कथानकं पूर्ण वेगळी, पण बाई तीच: श्रीमंत, तोंडाने फटकळ, आतून एकटी. तिच्याभोवती हसवणाऱ्या माणसांचा गोतावळा, आणि प्रेमाच्या आड येणारी अशी काही अडचण की ती सहज ओलांडता येत नाही. तुम्हाला ‘क्रॅश लँडिंग’मध्ये जे भावलं, त्याचा मोठा भाग या लेखणीतून आलेला आहे.

कोरियन मालिकांमध्ये सोळाच्या सोळा भाग बहुतेक वेळा एकच व्यक्ती लिहिते. त्यामुळे मालिकेवर लेखकाचा ठसा फार ठळक असतो. आपल्याकडे दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद वेगवेगळ्या हातांतून जातात, म्हणून लेखकाचं नाव बघायची सवयच आपल्याला नाही. ती लावून घ्या. ‘माय मिस्टर’ (२०१८) आवडली असेल तर पार्क हे-यंग यांची ‘माय लिबरेशन नोट्स’ (२०२२) हे तिचं सर्वांत जवळचं भावंड. रोज सोलला ये-जा करून दमलेली तीन भावंडं, फारसं न बोलता कुढणारी माणसं, आणि हळूहळू मोकळा होणारा श्वास. दोन्हींतले प्रमुख नट वेगळे असले तरी दोन्ही एकाच घरातल्या वाटतात.

दिग्दर्शकाकडेही बघा. ‘माय मिस्टर’मधली आययू ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’मध्ये (२०२५) पुन्हा दिसली, तेव्हा बहुतेकांनी दोन्हींतलं साम्य तिच्या नावावर जमा केलं. पण दोन्हींचे दिग्दर्शक किम वॉन-सॉक आहेत. ‘मिसेंग’ (२०१४) आणि ‘सिग्नल’ (२०१६) यांचेही तेच. साध्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा न घाबरता थांबवून ठेवणं, ही त्यांची खूण या चौघींतही सापडते.

विषयाच्या लेबलवर विसंबणं

‘स्क्विड गेम’ (२०२१) नंतर काय बघू, याला ठरलेलं उत्तर आहे ‘ॲलिस इन बॉर्डरलँड’ (२०२०). जीवघेणे खेळ आवडले असतील तर उत्तर अगदी बरोबर. पण कित्येकांना त्यात खेळ आवडलेलेच नसतात. त्यांना हलवून गेलेलं असतं ते कर्ज, नोकरी गेलेला माणूस, आईच्या औषधाला पैसे नसणं. अशा प्रेक्षकाने बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’कडे (२०१९) जावं, किंवा ‘स्क्विड गेम’च्याच ह्वांग डाँग-ह्युक यांच्या ‘सायलेन्स्ड’कडे (२०११). मूकबधिर मुलांच्या शाळेत झालेल्या अत्याचारांवरचा हा चित्रपट आहे. त्याने कोरियात इतका क्षोभ उसळला की कायद्यात बदल करावे लागले. बघायला अतिशय जड आहे, मन घट्ट करूनच बसा.

म्हणून मालिका संपल्यावर, पुढचं काही शोधायच्या आधी, एक वाक्य लिहून काढा: मला त्यातला कोणता प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो? कागदावर खेळाचा प्रसंग उतरतो की आईचा, यावरून पुढची वाट ठरते.

‘रिप्लाय १९८८’चं (२०१५) उदाहरण याहून बोलकं आहे. नवरा कोण होणार, या कोड्यात तुम्ही अडकला होतात? मग ‘रिप्लाय १९९७’ आणि ‘रिप्लाय १९९४’ बघा, तिथे तोच खेळ आहे. की गल्लीतल्या पाच घरांतून वाट्या-ताटल्या इकडून तिकडे फिरतात, तो प्रसंग मनात बसलाय? चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला बहुधा तोच लागतो. तर मग कोड्याच्या मालिका सोडा आणि त्याच ली वू-जंग व शिन वॉन-हो या जोडीची ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ (२०२०) लावा, किंवा जेजू बेटावरच्या माणसांची, नो ही-क्यंग यांनी लिहिलेली ‘अवर ब्लूज’ (२०२२). पहिली दवाखान्यातली, दुसरी मासळीबाजारातली. लेबलावरून गेलात तर या दोन्ही तुमच्या यादीत कधीच येणार नाहीत.

ओटीटीच्या पट्टीलाच सगळं जग समजणं

‘याच्यासारखं आणखी’ अशी जी पट्टी ॲपवर दिसते, तिच्यात फक्त त्या कंपनीकडे भारतात दाखवण्याचे हक्क असलेल्याच गोष्टी येऊ शकतात. सर्वांत जवळची मालिका दुसऱ्या ॲपवर असेल तर ती पट्टी तिचं नाव घेणार नाही. म्हणून शोध ॲपच्या बाहेर करा आणि नाव ठरल्यावरच ती कुठे मिळते ते बघा.

‘मायड्रामालिस्ट’ हे संकेतस्थळ या कामासाठी सगळ्यात उपयोगी. तिथे प्रत्येक मालिकेच्या पानावर प्रेक्षकांनी सुचवलेल्या मिळत्याजुळत्या मालिका असतात आणि का सुचवली तेही लिहिलेलं असतं. मतांचा आकडा बघू नका, ते कारण वाचा. ‘दोन्हींत वकील आहेत’ हे कारण कुचकामी. ‘दोन्हींत नायक काही न बोलता मदत करतो’ असं कुणी लिहिलं असेल तर त्या माणसाचं ऐका.

गुणांच्या बाबतीतही तसंच. ज्यांना मालिका आवडत नाही ते बरेचदा मध्येच सोडतात आणि गुण द्यायला परत येत नाहीत, त्यामुळे सरासरी फुगते. मी नेहमी कमी गुण देणाऱ्यांची परीक्षणं आधी वाचते. ‘फार संथ, काहीच घडत नाही’ अशी तक्रार दिसली की ‘माय लिबरेशन नोट्स’ आवडलेल्या मैत्रिणीला ती मालिका लगेच कळवते.

देश बदलला तरी घड्याळ तेच ठेवणं

कोरियन मालिकेला सरावलेला प्रेक्षक चिनी मालिका लावतो आणि पाचव्या भागात ‘अजून सुरूच होत नाही’ म्हणून बंद करतो. कोरियन मालिकेचं नेहमीचं माप सोळा भाग, प्रत्येकी तास-सव्वा तास. चिनी मालिका चाळीस भागांची असणं सर्रास, जुन्या तर त्याहून लांब. ‘निर्वाणा इन फायर’ (२०१५) ५४ भागांची आहे. सुरुवातीला राजपुत्र, सेनापती, घराणी, जुनी वैरं यांची इतकी नावं अंगावर येतात की गोंधळ होणारच. तो तुमचा दोष नाही. नात्यांचा तक्ता शेजारी ठेवा आणि दहाव्या भागापर्यंत धीर धरा. दरबारी डावपेच इतक्या बुद्धीने रचलेले क्वचितच बघायला मिळतात.

एवढी लांबी झेपत नसेल तर चीनमध्ये निर्मिती संस्थेच्या नावावरून शोधा. ‘निर्वाणा इन फायर’ करणाऱ्या डेलाइट एंटरटेनमेंटनेच ‘रीसेट’ (२०२२) केली. बसमध्ये स्फोट होतो, दोन प्रवासी पुन्हा पुन्हा त्याच प्रवासात जागे होतात. सगळं १५ भागांत संपतं. आणि चिनी मालिकेत ओठ आणि आवाज जुळत नसतील तर टीव्हीच्या सेटिंगशी खटपट करू नका. तिथे पुष्कळदा मूळ आवृत्तीतच व्यावसायिक आवाज-कलाकार नंतर संवाद भरतात.

जपानी मालिका दहा-अकरा भागांत आटोपते, आणि पात्रं मनातलं फार कमी बोलतात. तिथे सोळाव्या भागातल्या मोठ्या कबुलीजबाबाची वाट बघणाऱ्याची निराशा होते. आधी ‘मिडनाइट डायनर’चे (२००९) दोन-चार भाग बघा. पंचवीस मिनिटांचा भाग, रात्री बारानंतर उघडणारी खानावळ, एक पदार्थ आणि एका माणसाची गोष्ट. ही लय अंगवळणी पडली की बाकीचं जपान सोपं जातं.

भागांचा आकडा पाहून घाबरणं हीसुद्धा एक चूक. २०१७ नंतरची काही वर्षं कोरियातल्या मोठ्या वाहिन्या मध्ये जाहिरात घेता यावी म्हणून एका तासाच्या भागाचे दोन तुकडे करत. त्यामुळे कुठे ३२ भाग लिहिलेले दिसले तर ती सोळा भागांचीच मालिका असू शकते. ‘व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स’ (२०१९) चाळीस भागांची म्हणून सोडू नका, ती वीस तासभागांची आहे. ‘टँजरिन्स’च्याच लेखिकेची, लिम सांग-चुन यांची.

नाव सारखं, मालिका दुसरी

‘मदर’ शोधा. बोंग जून-हो यांचा २००९चा कोरियन चित्रपट येतो, २०१०ची जपानी मालिका येते, २०१८ची कोरियन मालिका येते. चित्रपट खुनाच्या आरोपात अडकलेल्या मुलाच्या आईचा. दोन्ही मालिका मात्र घरात छळ होणाऱ्या मुलीला घेऊन पळणाऱ्या शिक्षिकेच्या, कारण कोरियन मालिका जपानीचीच नवी आवृत्ती आहे. उपाय साधा: सुचवताना आणि शोधताना नावापुढे वर्ष आणि देश लिहायचाच.

हा गुंता सोडवताना एक मोलाचा धागा हाती लागतो. जपानी ‘मदर’ युजी साकामोतो यांनी लिहिली आहे. हिरोकाझू कोरेएदा यांच्या ‘मॉन्स्टर’साठी (२०२३) कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, ते हेच. ‘मॉन्स्टर’ बघून सुन्न झालेले कित्येक जण त्यासारखा दुसरा चित्रपट शोधत बसतात, आणि त्याच माणसाने लिहिलेले ‘मदर’चे अकरा भाग तसेच पडून राहतात.

रीमेकला ‘पुढची’ समजणं

तैवानची ‘समडे ऑर वन डे’ (२०१९) संपवून लगेच कोरियन ‘अ टाइम कॉल्ड यू’ (२०२३) लावू नका. गोष्ट तीच आहे, रहस्य तुम्हाला ठाऊक आहे, उरते ती फक्त तुलना. रीमेक बघायचीच असेल तर वर्षभराने बघा. मूळ कोणती, हे मात्र सुरू करण्याआधी तपासा आणि शक्यतो मूळच निवडा.

मालिकेनंतर मालिकाच हवी, हा हट्ट

सोळा तास एका जगात राहिल्यावर लगेच दुसरं जग उभं करायला मन तयार नसतं. पुढच्या मालिकेचे पहिले भाग फिके वाटतात ते बरेचदा यामुळेच. मध्ये एक चित्रपट घ्या. ‘सिग्नल’नंतर बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३): मालिकेतल्या एका प्रकरणामागे ह्वासाँगचे जे खरे खून आहेत, त्यांवरच हा चित्रपट उभा आहे. खरा गुन्हेगार कोण ते पोलिसांना २०१९ मध्ये कळलं, हे लक्षात ठेवून शेवटचं दृश्य बघा. ‘माय मिस्टर’नंतर कोरेएदांचा ‘स्टिल वॉकिंग’ (२००८).

आणि सुरुवात दरवेळी कोरियातून व्हायला हवी असंही नाही. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४) ज्यांच्या मनात घर करून आहे, त्यांनी कोरेएदांचा ‘आय विश’ (२०११) जरूर बघावा. आईवडील वेगळे झाल्यामुळे दोन गावांत राहणारे दोन भाऊ, आणि दोन बुलेट ट्रेन एकमेकींना ओलांडतील त्या क्षणी मागितलेली इच्छा पुरी होते, ही त्यांची श्रद्धा. बदललेलं गाव, मोठ्यांचे निर्णय आणि ते निमूट गिळणारं मूल दोन्हीकडे आहे. मुंबईत थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव आणि पुण्यात ‘पिफ’ होतो, तिथे ओटीटीवर कधीच न येणारे असे चित्रपट मोठ्या पडद्यावर मिळतात. वेळापत्रक आलं की दिग्दर्शकांची नावं आधी वाचा.

हिंदी डबमध्ये मालिका रुचली नाही तर ती टाकून देण्याआधी एक भाग मूळ आवाजात, सबटायटलसह बघा. पहिल्या दोन भागांवरून कोरियन मालिका सोडू नका, चौथ्यानंतरही ओढ नसेल तर मात्र बिनधास्त सोडा.

आणि ग्रुपवर विचारायचं तर असं विचारा: “‘माय मिस्टर’ (कोरिया, २०१८) आवडली. तिन्ही भाऊ आणि शेजारपाजारचे लोक जमून दारू पितात ते प्रसंग सगळ्यात आवडले. ‘माय लिबरेशन नोट्स’ बघून झाली. प्रेमकथा नसली तरी चालेल, खून नकोत. वीस भागांच्या आत, जपानी किंवा तैवानीही चालेल.” अशा प्रश्नाला उत्तरं थोडी येतात, पण ती बघून झाल्यावर तुम्ही सुचवणाऱ्याला आपणहून आभाराचा मेसेज पाठवता.