अंड्याच्या टरफलांवर पुस्तकांची थप्पी कशी उभी करायची

सगळीकडे एकच सांगतात, चार अंडी घ्या, अर्धी कापा, वर पुस्तकं ठेवा, झालं. कापायची कशी ते कुणी बोलत नाही आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. शिवाय चार कशाला? तीनच घ्या. चारात एक हमखास बुटकं निघतं, वर ठेवलेलं पॅड डुगडुगतं आणि भार दोघा-तिघांवरच येतो. तीनवर काहीही ठेवा, डुगडुगत नाही. दोन-तीन अंडी जादा मात्र असू द्या.

निमुळत्या टोकाला भोक पाडून आतलं काढा (भुर्जी करा), टरफल साबणाने धुवून सुकवा. उकडलेली अंडी नकोत, सोलताना टरफल हाती लागत नाही.

आता कापणं. आधी मधोमध सेलोटेपचा एक वेढा द्या, ताणून, सुरकुती नको. टेपशिवाय कापायला जाल तर तडा थेट बुडापर्यंत जातो. टरफल बाटलीच्या झाकणात, गोल बूड खाली करून बसवा, शेजारी दोन काड्यापेट्या रचून त्यावर स्केचपेन आडवं धरा आणि पेन न हलवता टरफल फिरवा, टेपवर सरळ रेघ येते. डोळ्याने अंदाजे रेघ मारायची नाही म्हणजे नाही! मग भोकापासून गोल गोल कापत रेघेपर्यंत या, कात्री नखं कापायची छोटी, आणि एका वेळी 2-3 मिमीच, लांब कात्री चालवली की पातं टरफल उचकटतं. आतला पापुद्रा राहू द्या. शेवटी बारीक पॉलिश पेपर टेबलावर पसरून त्यावर टरफल पालथं ठेवायचं आणि बोटाचा भार न देता गोल फिरवायचं, कड सगळीकडून टेकेपर्यंत. ही पायरी सगळे गाळतात आणि मग म्हणतात प्रयोग फसला. उंच राहिलेल्या एका टोकावर सगळं वजन आलं तर कुठलंही टरफल फुटणारच ना.

टरफलं पालथी त्रिकोणात मांडा, वर परीक्षेचं पॅड, त्यावर एकेक पुस्तक अलगद, आपटायचं नाही.

फुटेल तेव्हा तडा नीट बघा. बहुतेक वेळा तो कडेपासून वर चढलेला असतो. घुमटावर वजन आलं की ते वक्राकाराने खाली उतरतं, वरचा भाग दाबला जातो, दाब टरफल मजेत सोसतं, पण खालची कड बाहेर फाकायला बघते आणि ताण त्याला झेपत नाही. विजापूरच्या गोलघुमटाचा व्यास जवळपास 44 मीटर, मधे एक खांब नाही, तिथे हा बाहेरचा रेटा एकमेकांना छेदणाऱ्या कमानी आवरतात. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला तडे गेल्यावर 1740 च्या दशकात लोखंडी साखळ्यांचे वेढे घालावे लागले. आपला सेलोटेप तेच काम करतोय, म्हणून पुढच्या वेळी कडेला टेपचे अजून दोन वेढे द्या आणि किती पुस्तकं जास्त बसतात ते मोजा.