शोदानची परीक्षा द्यायची असेल तर

सांगलीत सहा वर्षं आयकिदो या जपानी युद्धकलेचा सराव करून मी पहिल्या क्यूवर, म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या शेवटच्या पायरीवर आले. सरांनी शोदानसाठी, म्हणजे पहिल्या काळ्या पट्ट्यासाठी नाव पाठवायचं म्हटल्यावर मी वहीत सगळी तंत्रं लिहून काढली. इक्क्योपासून योन्क्यो, शिहोनागे, इरिमीनागे, कोतेगाएशी. सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "हे येतंच तुला. धाप लागल्यावर येतं का?"

परीक्षा तिथेच अडते. आयकिदोत, टोमिकी शैली सोडली तर, स्पर्धा नसते. त्यामुळे गुणफलक नाही, हार-जीत नाही. परीक्षक तुमच्या अंगाची ठेवण बघतात, आणि ती बिघडते दमल्यावर. म्हणून आधी दमून घ्या, मग सराव करा. मी पहाटे कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या दहा वेळा चढून-उतरून तशीच हॉलवर जायचे आणि पहिल्या वीस उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याच्या कोलांट्या, लगेच घ्यायचे. पावसाळ्यात घाट पाण्याखाली गेला की अपार्टमेंटचे जिने.

आयकिकाई या आयकिदोच्या जपानमधल्या मुख्य संस्थेच्या नियमाप्रमाणे पहिल्या क्यूनंतर किमान 70 दिवसांचा सराव लागतो आणि वय 15 पूर्ण हवं. सत्तर दिवस पुरतात असं मात्र मी म्हणणार नाही. मी वर्षभर थांबले, बरं झालं.

गुडघ्यांची काळजी पहिल्या आठवड्यापासून घ्या. बसून करायची तंत्रं बहुधा सुरुवातीलाच विचारतात आणि गुडघ्यांवरची चाल, शिक्को, लगेच उघडी पाडते. पायाची बोटं कायम मुडपलेली ठेवा आणि टाचा एकमेकींपासून सुटू देऊ नका. टाचा फाकल्या की कंबर डुलायला लागते. हा सराव फरशीवर कधीच करू नका, मॅटवरच करा. माझा डावा गुडघा फरशीनेच दोन महिने धरला होता.

लाकडी सुऱ्यासमोर कोतेगाएशी, म्हणजे मनगट वळवून पाडायचं तंत्र, करताना माझी एकच चूक सारखी व्हायची. उके, म्हणजे हल्ला करून पडणारा जोडीदार, पडला की हात सोडून मी उभी राहायचे, आणि सुरा त्याच्याच मुठीत! उके पडला तरी मनगट सोडायचं नाही. त्याला पालथा करा, कोपर दाबून ठेवा, सुरा काढून घ्या, मगच दोन पावलं मागे सरा. मागे सरतानाही नजर त्याच्यावरच.

उके निवडताना हलका, पटकन पडणारा माणूस घेऊ नका. माझा उके तालमीत वाढलेला मुलगा. तंत्र चुकलं की तो हलायचाच नाही. "ताई, हात ओढताय तुम्ही, अंगाने या," एवढंच सांगायचा. मी रडकुंडीला यायचे. पण पुण्याला परीक्षेत, शेवटच्या मुक्त फेरीत श्वास संपत आला तेव्हा अंग आपोआप आत गेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. एसटीत पाच-सहा तास बसून थेट मॅटवर उतरू नका, कंबर साथ देत नाही. आणि निकालाची वाट न बघता आधी उकेला वाकून नमस्कार करा. दिवसभर तोच तुमच्यासाठी अंग टाकत असतो.