उंदराने कुरतडलेली गाडीची वायर जोडताना

तुटलेली टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळायची, ही सवय आधी सोडा. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, आत ओल शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागत राहतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच कामाला लागा. काळवंडलेला भाग चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा आणि तेवढ्याच जाडीची ऑटोमोटिव्ह वायर मध्ये घाला. हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी) आतून गोंद असलेलीच घ्या आणि सांधा जोडण्याआधीच वायरीत ओवून ठेवा. नंतर ती घालता येत नाही! क्रिंप करा (वायरींच्या टोकांवर धातूचा जोड पक्कडीने घट्ट दाबून बसवा), ओढून पाहा, मग नळी गरम करा. दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर डोकावला, की सांधा नीट बंद झाला. शेजारच्या वायरींचे सांधे मागेपुढे ठेवा, म्हणजे एकाच जागी गाठ फुगत नाही.

एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन वायरी बहुधा कॅनच्या (CAN, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिट्सना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याच्या) असतात. त्यांचा पीळ तसाच राखा, नाहीतर सिग्नलमध्ये गडबड होते. तपासायला टेस्ट लॅम्प नको, मल्टिमीटरच हवा. एअरबॅगच्या पिवळ्या आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरींना मात्र हात लावू नका. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.