बोरं दाताखाली जाण्याआधी फोडून बघा

वेळ अमावस्येपासून संक्रांतीपर्यंत आपल्या मराठवाड्यात घरोघरी बोरं असतात. बोरातली अळी धुऊन जात नाही, हे आधी लक्षात घ्या. फळमाशी कोवळ्या बोराच्या सालीखाली अंडी घालते, अळी आत बियाभोवतीचा गर खाते. वरून दिसते ती फक्त बारीक खाच किंवा दबलेली, वाकडी जागा. अशी बोरं बाजूला काढा. चांगली दिसणारीही बोटांनी फोडा; बियाजवळ काळपट भुसा दिसला की टाकून द्या. लेकरांना तर फोडूनच द्यावीत. चुकून एखादी अळी पोटात गेली तरी घाबरू नका, सहसा त्रास होत नाही.

स्ट्रॉबेरी, तुती यांचं वेगळं. लिटरभर पाण्यात चार छोटे चमचे मीठ घालून अर्धा तास बुडवा, बऱ्याच अळ्या बाहेर येतात. मग वाहत्या पाण्याखाली धुवा. स्ट्रॉबेरीचा देठ धुतल्यावरच काढा, नाहीतर पाणी आत शिरतं. साबण, भांड्यांचा लिक्विड अजिबात नको. फळ ते शोषून घेतं. आणि खायच्या वेळीच धुवा. ओली ठेवलेली फळं लवकर बुरशी धरतात.