सुरीचा आराखडा सहकारी कारागिरांना दाखवताना
नव्या सुरीच्या आराखड्यावर सहकारी कारागिरांचे मत हवे असेल, तर केवळ छायाचित्र पुरत नाही. कॅमेऱ्याच्या कोनामुळे प्रमाणे बदलतात आणि पात्याची जाडी तर दिसतच नाही. मूळ मापाचे रेखाचित्र काढून त्यावर पोलादाचा प्रकार, पाठीची जाडी, धारेलगतची जाडी व धारेचा कोन लिहावा. सुरी कशासाठी आहे, हेही सांगावे, कारण प्रत्येक बाजूस सुमारे 15 अंशांची धार भाजी चिरण्यास उत्तम असली, तरी लाकूड तासताना तिचे टवके उडू शकतात.

मुठीबद्दलचे मत मात्र कागदावरून मागू नये. प्लायवूडचा नमुना कापून, त्याच्या कडा गोल करून तो लहानमोठ्या हातांत द्यावा आणि पकड नेमकी कोठे रुतते, एवढेच विचारावे, कारण ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला बहुतेक जण सौजन्यापोटीच उत्तर देतात. पाते जेथे मुठीत शिरते, तेथील काटकोनी खाच कोणी दाखवून दिल्यास ती लगेच गोलाकार करावी, कारण पोलादाला पाणी देताना (म्हणजे तापवून झटकन थंड करताना) ताण तेथे एकवटतो आणि तडा जाण्याची शक्यता वाढते. इतर सूचना एका वेळी एकच अमलात आणावी व जुना नमुना तारीख घालून जपून ठेवावा.