ओपीडीतली दुहेरी नोंद कशी थांबवली

संगणकीय केसपेपर सुरू होऊनही डॉक्टर कागदावर लिहितात आणि संध्याकाळी ऑपरेटर ते टाइप करतो. याचं मूळ आळसात नसतं. तपासणीच्या वेगाला स्क्रीन पुरत नाही. आम्ही प्रत्येक विभागात नेहमी लागणारी वीस-पंचवीस औषधं मात्रेसकट एका क्लिकवर आणली. मधुमेहाच्या फेरतपासणीला तयार संच: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन. वजन आणि रक्तदाब सिस्टरांनी बाहेरच भरायचे. टायपिंग फारसं उरलंच नाही.

दुसरी गळती नोंदणी खिडकीवर. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ अशा दोन फाइली झाल्या की ॲलर्जी एकीत, औषधं दुसरीत. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी मोबाइल आणि जन्मसालावरून शोध, मगच नवी फाइल. घरात मोबाइल एकच असतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नका. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल तर जोडून घ्या.

नवी पद्धत सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे अपॉइंटमेंट निम्म्या ठेवा. व्यवस्थापनाला हे जड जातं, पण इथे हात आखडला की कागद परत येतो. कोरे केसपेपर फक्त वीज किंवा नेटवर्क गेल्यावर उघडायच्या पाकिटात ठेवा. नंतर ते संगणकात कोण भरणार, तेही पाकिटावरच लिहा.