डिस्नेच्या उद्यानात मुलांसोबत पिनांची अदलाबदल

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९९ साली नव्या सहस्रकाच्या सोहळ्यानिमित्त सुरू झालेली पिनांची, म्हणजे डिस्नेची चित्रे असलेल्या छोट्या धातूच्या बिल्ल्यांची, उद्यानातील कर्मचाऱ्यांशी होणारी अदलाबदल मुलांसोबत करायची असेल, तर एक गोष्ट उद्यानात पाऊल ठेवण्याआधीच ठरवून घ्यावी: कोणत्या पिना जवळ ठेवायच्या आणि कोणत्या द्यायच्या. हे न ठरवल्यास मूल उत्साहाच्या भरात आपली सर्वांत आवडती पिन देऊन टाकते आणि मग सारी संध्याकाळ रडण्यात जाते. म्हणून ठेवायच्या पिना हॉटेलच्या खोलीतच राहू द्याव्यात आणि मुलाच्या गळ्यातील पट्ट्यावर फक्त देण्याजोग्याच पिना लावाव्यात.

देण्याची पिन धातूची व अधिकृत असावी लागते, त्यामुळे तिच्या मागच्या बाजूस डिस्नेचे स्वामित्वचिन्ह आहे ना, हे आधी पाहावे. मात्र नकली पिनांवरही ते छापलेले असते, म्हणून इंटरनेटवर अतिशय स्वस्तात मिळणारे गठ्ठे टाळणेच बरे. कर्मचाऱ्याच्या गळ्यातील पिनांच्या पट्ट्याला हात न लावता आधी विचारावे, एका पिनेच्या बदल्यात एकच पिन घ्यावी आणि देताना मागचे टोपण लावूनच द्यावी, कारण उघडे टोक बोटाला टोचते. बोलण्याचे काम मुलालाच करू द्यावे. लाजाळू मुलेही तिसऱ्या-चौथ्या वेळेस आपणहून पुढे होतात. रबरी टोपणे चालताना गळून पडतात, तेव्हा चार-पाच जादा टोपणे खिशात असू द्यावीत.